दूरस्थ रोजगार आणि उष्ण देशांतील वास्तव्य : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्थलांतर हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्याचा भाग होता. त्यामुळे नांदेड आणि लातूर परिसरातील तरुणांनी शिक्षणासाठी व नोकरीसाठी हैदराबादची वाट धरणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जाणारी कुटुंबे, आखाती देशांत गेलेले कारागीर, अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात स्थिरावलेले पदवीधर ही या स्थलांतराची निरनिराळी रूपे होत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील गावांना तर या शब्दाचा वेगळाच आणि वेदनादायक अर्थ समजला. परंतु रोजगारासाठी झालेल्या सर्व स्थलांतरांत एक गोष्ट समान होती. काम जेथे असे तेथे माणसाला जावे लागे.

दूरस्थ रोजगाराने हा क्रम उलटवला. संगणक, इंटरनेट जोडणी आणि मालकाची संमती असली की काम माणसाच्या मागे येते. यातूनच एक नवी कल्पना रुजली. नोकरी आहे तीच ठेवावी आणि वास्तव्य मात्र एखाद्या उबदार, समुद्रकाठच्या देशात करावे, अशी ही कल्पना आहे. ती मुळात कोणाच्या गरजेतून निर्माण झाली, नांदेड-लातूरच्या पदवीधराला ती कितपत लागू पडते आणि ती स्वीकारताना त्याचे कायदेशीर व कौटुंबिक स्थान कसे बदलते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उष्णतेचा प्रश्न :

‘उष्ण देशात जाणे’ हे आकर्षण मूलतः उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतील आहे. जेथे डिसेंबरमध्ये दुपारी चार वाजता अंधार पडतो आणि घर तापवण्याचा खर्च कुटुंबाच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो, तेथील माणसाला सूर्यप्रकाश ही विकत घेण्याजोगी वस्तू वाटणे स्वाभाविक आहे. नांदेडच्या माणसाची स्थिती नेमकी उलट आहे. येथे डिसेंबरातही दुपारचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या जवळपास असते आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या आसपास पोहोचतो, कित्येकदा त्याही पुढे जातो. बालाघाटच्या पठारावर वसलेल्या लातूरला उन्हाची धग किंचित कमी जाणवते, एवढाच काय तो फरक.

या संदर्भात मॉरिशसचे उदाहरण उद्बोधक आहे. नांदेड विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. विषुववृत्तापासूनचे अंतर जवळजवळ सारखेच असूनही चहूबाजूंच्या समुद्रामुळे मॉरिशसचे सरासरी तापमान उन्हाळ्यात २५ आणि हिवाळ्यात २० अंशांच्या आसपास राहते. ऋतूही उलटे असल्याने नांदेड तापत असते तेव्हा मॉरिशस हिवाळ्याकडे झुकलेले असते. तात्पर्य, जगाच्या दृष्टीने ‘उष्ण’ ठरलेला हा देश नांदेडकरासाठी थंड हवेचे ठिकाण आहे. दुबईचा उन्हाळा मात्र याला अपवाद आहे. तेथे ४५ अंशांच्या उष्णतेला खाडीची आर्द्रता येऊन मिळते.

मराठवाड्यातून बाहेर पडण्याची ओढ ऊन शोधत नाही, पाणी शोधते. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. त्याआधी मार्च महिन्यात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला होता. ज्या विद्यार्थ्यांनी ते वर्ष लातुरात काढले, त्यांतील अनेक जण आज नोकरीच्या वयात आहेत. सुखकर हवामानाची त्यांची कल्पना पर्यटन विभागांच्या जाहिरातींतील कल्पनेपेक्षा भिन्न असल्यास नवल नाही.

योजनांचा उगम आणि त्यांची रचना :

कोविड साथीमुळे २०२० मध्ये पर्यटन थांबले आणि त्यावर अवलंबून असलेल्या देशांनी दीर्घकाळ राहून खर्च करील अशा पाहुण्याचा शोध सुरू केला. जुलै २०२० मध्ये बार्बाडोसने बारा महिन्यांच्या वास्तव्याची योजना जाहीर केली आणि वार्षिक ५०,००० डॉलर उत्पन्नाची अट घातली. ऑक्टोबर २०२० मध्ये दुबईने असाच व्हिसा आणला. त्याची उत्पन्नमर्यादा प्रारंभी मासिक ५,००० डॉलर होती, ती पुढे ३,५०० डॉलरवर आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉरिशसने मासिक १,५०० डॉलर उत्पन्नाच्या अटीवर ‘प्रीमियम व्हिसा’ सुरू केला. मलेशियाची ‘डी रांताऊ’ योजना ऑक्टोबर २०२२ मधील असून तंत्रज्ञान क्षेत्रातील अर्जदारासाठी तिची मर्यादा वार्षिक २४,००० डॉलर ठेवण्यात आली. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षे मुदतीचा व्हिसा आणला. त्यात एका वेळी १८० दिवस राहता येते आणि पाच लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते.

या सर्व योजनांचा गाभा एकच आहे. पाहुण्याने बाहेर कमवावे, येथे खर्च करावे आणि स्थानिकांच्या नोकरीला हात लावू नये. उत्पन्नाच्या अटी डॉलरमध्ये का आहेत, हेही यावरून उमगते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी मॉरिशसची अट दरमहा सुमारे १ लाख २७ हजार रुपये, मलेशियाची वर्षाला २० लाखांहून अधिक आणि दुबईची दरमहा जवळजवळ ३ लाख रुपये होते. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातून बाहेर पडून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मोठ्या कंपनीत रुजू होणाऱ्या तरुणाचे आरंभीचे वेतन वर्षाला साधारण तीन-चार लाख रुपये असते. म्हणजे हा दरवाजा त्याच्यासाठी पहिल्या दहा वर्षांत क्वचितच उघडतो. परदेशी ग्राहकांसाठी स्वतंत्रपणे काम करणारे आणि पंधरा वर्षांचा अनुभव असलेले तंत्रज्ञ हाच या योजनांचा मराठवाड्यातील खरा लाभार्थी वर्ग होय.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि संयुक्त अरब अमिराती हे चारही देश भारताच्या उत्प्रवास अधिनियम, १९८३ खाली ज्या अठरा देशांसाठी उत्प्रवास परवानगीची तरतूद आहे, त्या यादीत आहेत. दहावी उत्तीर्ण नसलेला गवंडी किंवा सुतार नोकरीसाठी अमिरातीत निघाला, तर त्याला उत्प्रवास संरक्षकाची परवानगी लागते. शिक्षित दूरस्थ कर्मचाऱ्याला ती लागत नाही. कायद्याने कामगाराला संरक्षण दिले आणि शिक्षिताला सावधगिरीवर सोडले, असे फार तर म्हणता येईल. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्गासमोरचे प्रश्न कमी गुंतागुंतीचे नाहीत, ते केवळ कागदावर आहेत इतकेच.

घड्याळ :

दूरस्थ कामात अंतर नाहीसे होते, वेळ मात्र नाहीशी होत नाही. मॉरिशस आणि दुबई ही दोन्ही ठिकाणे भारतीय वेळेच्या दीड तास मागे आहेत, तर थायलंड दीड तास पुढे आहे. पुण्याच्या कार्यालयात सकाळी साडेनऊला सुरू होणारी बैठक मॉरिशसमध्ये आठ वाजता आणि बँकॉकमध्ये अकरा वाजता गाठावी लागते. ही तडजोड सोपी आहे. ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा असेल, तर चित्र बदलते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तेथील उन्हाळ्यात लातूरमध्ये संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. त्याच क्षणी मॉरिशसमध्ये अनुक्रमे पाच व सहा, तर बँकॉकमध्ये आठ व नऊ वाजलेले असतात. आठ तासांची पाळी धरली, तर बँकॉकमधील कर्मचारी पहाटे चार-पाच वाजता मोकळा होतो. समुद्रकिनारा दिवसा झोपून काढायचा असेल, तर तो लातूरच्या अंबाजोगाई रस्त्यावरील घरातूनही तितकाच दिसतो!

दिवसांची मोजणी :

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे निवासाचा दर्जा. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ६ ने रुळवलेली आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही कायम राहिलेली मुख्य कसोटी अशी आहे : आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलेली व्यक्ती निवासी ठरते. सर्वसाधारण निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते.

ही मोजणी १ एप्रिलपासून सुरू होते आणि भारतातच राहिलेल्या व्यक्तीचे १८२ दिवस २९ सप्टेंबरला पूर्ण होतात. म्हणजे दसरा-दिवाळी घरी करून नोव्हेंबरमध्ये मॉरिशसला गेलेला आणि मार्चअखेर परतलेला लातूरचा कर्मचारी त्या संपूर्ण वर्षासाठी भारतातील निवासीच राहतो. त्याच्या करात एका रुपयाचाही फरक पडत नाही. ‘परदेशात राहिलो म्हणजे कर वाचला’ हा समज येथे खोटा ठरतो. उलट, मे महिन्यात निघून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तेथे राहणारा मनुष्य भारतात अनिवासी ठरू शकतो, पण मग तो यजमान देशात निवासी होतो. मॉरिशसमध्ये १८३ दिवसांच्या वास्तव्यानंतर त्या देशात आणलेल्या उत्पन्नावर कर लागू होतो. थायलंडमध्ये ही मर्यादा १८० दिवसांची आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवून देशात आणलेले परकीय उत्पन्न तेथील कराच्या कक्षेत आले आहे.

नोकरीसाठी भारत सोडणाऱ्या नागरिकाला कायद्याने सवलत दिली आहे. मागील चार वर्षांतील वास्तव्याशी जोडलेली ६० दिवसांची पर्यायी कसोटी त्याला लागू होत नाही. पण आहे तीच नोकरी बॅगेत घालून निघालेला मनुष्य ‘नोकरीसाठी’ देश सोडतो काय? हा प्रश्न शब्दच्छलाचा वाटला, तरी त्यावर हजारो रुपयांचा कर अवलंबून असतो. केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अब्दुल रझाक यांच्या प्रकरणात ‘नोकरी’ या शब्दात परदेशातील स्वयंरोजगार व व्यवसायही येतो असा व्यापक अर्थ लावला. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यास त्याचा आधार घेता येतो. भारतीय कंपनीच्या पगारपत्रकावर कायम राहिलेल्या कर्मचाऱ्याची बाजू तेवढी स्पष्ट नाही. शिवाय त्याचा पगार भारतातील खात्यात जमा होत असेल, तर सेवा परदेशात दिली असली तरी उत्पन्न भारतात प्राप्त झाले, असा आक्षेप आयकर विभाग घेऊ शकतो.

दोन्ही देशांनी एकाच व्यक्तीला निवासी मानले, तर दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराकडे वळावे लागते. भारत-मॉरिशस करार १९८२ चा आहे. अशा करारांत प्रथम कायमचे घर कोठे आहे हे पाहिले जाते आणि ते दोन्हीकडे असेल, तर व्यक्तीचे आर्थिक व वैयक्तिक संबंध कोठे अधिक निकट आहेत हे तपासले जाते. औसा तालुक्यात सातबाऱ्यावर नाव, लातूरमध्ये आईवडील, मुलांची शाळा तेथेच आणि मॉरिशसमध्ये वर्षभरासाठी भाड्याने घेतलेली सदनिका, असे चित्र असता उत्तर कोणत्या बाजूला झुकेल हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

अमिरातीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, हे अनेकांचे मोठे आकर्षण असते. तथापि २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून ज्या भारतीय नागरिकाचे परकीय स्रोत वगळता उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि जो निवासाच्या कारणाने अन्य कोणत्याही देशात करदायी नाही, त्याला भारतातील निवासी मानण्याची तरतूद झाली आहे. अशा व्यक्तीचे सर्वच परकीय उत्पन्न करपात्र होत नाही, पण तिचा दर्जा बदलतो हे ध्यानात घ्यावे लागते.

कंपनीची भूमिका :

कर्मचारी वर्षभर मॉरिशसमधून काम करू लागला, तर त्या देशात कंपनीची स्थायी आस्थापना निर्माण झाली असे तेथील करविभाग म्हणू शकतो. तसे झाल्यास कंपनीच्या नफ्याचा काही भाग तेथे करपात्र होतो. ग्राहकाची माहिती देशाबाहेर नेण्यास करारात मनाई असते, ती अडचण वेगळी. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने माहिती तंत्रज्ञान सेवा क्षेत्रावरील निर्बंध शिथिल केले, तेव्हा ‘कोठूनही काम’ याचा अर्थ भारतात कोठूनही असाच होता. म्हणून व्हिसा मिळणे आणि मालकाची लेखी परवानगी मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरी नसताना पहिलीवर विसंबून निघणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होय.

मॉरिशसमधील मराठी :

मराठवाड्यातून जाणारा दूरस्थ कर्मचारी मॉरिशसमध्ये पहिला मराठी मनुष्य नसेल. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजाने आलेल्या गिरमिटिया मजुरांनंतर मुंबई बंदरातूनही कोकण व लगतच्या भागांतील मराठी मजूर तेथे गेले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. घरातील बोली मात्र आता बहुतांशी क्रिओल झाली आहे.

या दोन स्थलांतरांची तुलना मोहात पाडणारी असली तरी ती जपून करावी लागते. गिरमिटिया मजूर मळ्याच्या गरजेसाठी नेला गेला, करारात बांधला गेला आणि परतणे अवघड झाल्याने त्या भूमीचा झाला. दूरस्थ कर्मचारी स्वेच्छेने जातो आणि व्हिसाच त्याला स्थानिक श्रमबाजारापासून दूर ठेवतो. तो वर्षभर राहील, भाडे देईल, गणपतीच्या आरतीला उभा राहील, पण त्या समाजाचा घटक होण्याचा मार्ग या व्हिसात आखलेला नाही. मुलांना शाळेत घालण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने हा फरक प्रथम समजून घ्यावा.

घर, शेत आणि सातबारा :

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्याहून परतलेल्या अनेक तरुणांनी नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर येथील घरांतून काम केले. महानगराचा पगार आणि जिल्ह्याच्या गावातला खर्च या दोहोंतील फरक त्यांच्या हाती राहिला. उष्ण देशांच्या योजनांमागील अर्थशास्त्र हेच आहे. लंडनच्या माणसाला जे बँकॉकमध्ये मिळते, ते पुण्याच्या कर्मचाऱ्याला उदगीरमध्ये व्हिसाशिवाय मिळाले. पुढे कंपन्यांनी कार्यालयात परत बोलावले आणि ही संधी आक्रसली, हा भाग निराळा.

परदेशी वास्तव्याचा शेतजमिनीशी असलेला संबंध फारच थोड्या इच्छुकांच्या लक्षात येतो. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ अर्थात फेमा कायदा निवास ठरवताना दिवसांबरोबर हेतूही पाहतो. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या उद्देशाने देश सोडलेली व्यक्ती त्या दिवसापासूनच अनिवासी ठरू शकते. तीच व्यक्ती आयकरासाठी मात्र त्या वर्षी निवासी असू शकते. फेमाखाली अनिवासी झालेल्या भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारसाने आलेली जमीन ठेवता येते. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू असल्याने खरेदीदार शेतकरी असण्याची अट आधीच आहे. त्यात ही भर पडते. भावकीतला शेजारचा तुकडा विक्रीला निघाला आणि मुलगा परदेशात अनिवासी असला, तर तो व्यवहार त्याच्या नावाने होऊ शकत नाही. बचत खातेही अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते.

वृद्ध आईवडील मागे राहणार असतील, तर मुखत्यारपत्राचा प्रश्न येतो. नांदेड किंवा लातूरहून मुंबई गाठण्यास एक रात्र आणि तेथून मॉरिशसला विमानाने सुमारे सहा तास. आजारपणाचा निरोप आल्यास लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचता येते, तेही त्या दिवशी विमान असल्यास. बँक, पीककर्ज, फेरफार यांसाठी मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदवून ठेवणे श्रेयस्कर. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय उच्चायोगात साक्षांकित करून आणावे लागते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद मोबाईलवरूनच होते, पण तिच्यासाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. ते काम पोर्ट लुईहून होत नाही, गावातल्याच कोणाला तरी सांगावे लागते.